मिनूच्या वेण्या

आधीच सांगते, मी नर्स. सगळी नोकरी वॉर्डात गेली. माझ्या डोळ्यांसमोर किती माणसं गेली याची गणती नाही, आणि गेलेलं एकही माणूस कधी परत येऊन माझ्या उशाशी उभं राहिलेलं नाही. देव मानते, संकष्टी धरते, पण कुणी झपाटलंय म्हटलं की मी आधी थर्मामीटर शोधते. या सदरातले अनुभवसुद्धा आजवर चहाबरोबर वाचले आणि कप विसळता विसळता विसरले.

तरी आज लिहायला बसलेय. माझी नात आता तेवढीच झालीय, जेवढी तेव्हा तिची आई होती. परवा तिचे केस विंचरताना माझा हात मध्येच थांबला... आणि मग दिवसभर दुसरं काही सुचेना.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही कुवेतला होतो. हे — म्हणजे माझे यजमान — एका पेट्रोकेमिकल प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, आणि मी सरकारी हॉस्पिटलात. सालमियाला समुद्राजवळ फ्लॅट. आमची मुलगी मीनल, घरात मिनू, तेव्हा चार वर्षांची होती. बोलायला चुरचुरीत आणि केस कमरेपर्यंत. तिचं जावळ काढल्यानंतर मी तिच्या केसांना कात्री लावू दिली नव्हती.

आमच्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनला नूरा नावाची कुवेती मुलगी होती. माझ्याहून लहान, पण आमचं छान जमायचं. तिच्या वडिलांची शहराबाहेर जहराला खजुराची बाग होती. जुन्यातली जुनी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बागेचा भाग नव्या रस्त्यात जाणार असं चाललं होतं. नूरा म्हणाली, सिस्टर, आहे तोवर एकदा बघून जा. मी मूळची अलिबागकडची, नागावची. माडा-पोफळीच्या वाडीत वाढलेली. कुवेतमध्ये सगळीकडे वाळू आणि काँक्रीट बघून डोळे शिणले होते. झाडांची बाग म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

मार्च महिन्यातला शुक्रवार होता. राई भागातली गोदामं मागे पडली की रस्ता एकदम मोकळा होतो, आणि मग बऱ्याच वेळाने जहरा. मातीची बुटकी भिंत, लाकडी दार, आणि आत गेल्यावर... खरं सांगते, मला घरी आल्यासारखं वाटलं. उंच उंच खजूर रांगेत, त्यांच्यामधून पाण्याचे पाट, झाडांखाली हिरवागार लसूणघास. गारवा. पाखरं.

नूराचे वडील अबू खलफ साठीचे होते. तरुणपणी गलबतावरून मुंबईला येऊन गेलेले, त्यामुळे मोडकं हिंदी बोलायचे. त्यांनी आम्हाला सगळी बाग फिरून दाखवली. ते दिवस खजूर फळवायचे होते. नराच्या फुलोऱ्याचे तुरे वर चढून मादी झाडाच्या फुलोऱ्यात बांधावे लागतात. सकाळीच त्यांनी काही झाडं उरकली होती. कमरेभोवती घ्यायचा जाड दोर अजून त्यांच्या खांद्यावर होता, आणि सगळ्या बागेत ओल्या कणकेसारखा वास. ते सांगत होते, आम्ही लहान होतो तेव्हा सगळं गाव या झाडांवर जगायचं. छपराला खोड, चटईला पात, दोराला काथ्या, बिया कुटून शेळ्यांना. दुपार कलली की सगळ्या आळीच्या बायका इथे पाती सोलायला बसायच्या. सोयरीक इथेच ठरायची, भांडणंही इथेच मिटायची. मला आमच्या माडाची आठवण झाली. त्याचंही काही फुकट जात नाही.

त्यांची मोठी बहीण मुनीरा तिथेच बागेतल्या मातीच्या खोलीत राहायची. लग्न केलेलं नव्हतं. नूरा तिला अम्मा म्हणायची. तिकडे अम्मा म्हणजे आत्या. अम्मा फार बोलली नाही. मला ती उम्म मिनू म्हणाली, म्हणजे मिनूची आई. त्यांच्यात बाईला अशीच हाक मारतात. जेवताना मात्र ती सारखी मिनूच्या केसांकडे बघत होती. मला वाटलं, कौतुकाने बघतेय.

जेवण झाडांखालीच झालं. भात, मटण, मी नेलेल्या नारळाच्या वड्या. मिनू माझ्या शेजारी चटईवर बसून खजुराच्या पातीशी खेळत होती. नूराने माझ्या हातावर पाणी घातलं, मी हात धुतले, पदराला पुसले, वळले... आणि मिनू तिथे नव्हती.

पहिल्यांदा कुणी घाबरलं नाही. झाडामागे असेल म्हणून हाका मारल्या. हे एका रांगेतून पुढे गेले, नूरा दुसरीतून. लसूणघास गुडघ्याएवढा, त्यात मूल लपलं तर दिसायचं. भिंतीचं दार आतून लावलेलं होतं. हाका मोठ्या होत गेल्या. मग अबू खलफ एकदम थांबले आणि जुन्या विहिरीकडे चालायला लागले. आता पंप होता, विहीर बंद होती. वर फळ्या टाकलेल्या. त्यातली एक फळी बाजूला सरकलेली होती.

मी कोकणातली, विहिरीत पडलेलं मूल कसं दिसतं ते मी लहानपणी पाहिलंय. अबू खलफनी आरसा मागितला. नूराने खोलीतून आणला. त्यांनी आरशाने ऊन पकडून आत सोडलं आणि तो उजेडाचा तुकडा हळूहळू विहिरीच्या तळावरून फिरवला. तळ कोरडा होता. वाळू, पाचोळा, एक मोडका डबा. बाकी काही नाही. माझा श्वास सुटला, आणि तेवढ्यात आवाज आला.

"आई."

अगदी स्पष्ट. घाबरलेला नाही, रडवेला नाही. आम्ही सगळ्यांनी विहिरीत पाहिलं. मग मागे पाहिलं. वर बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी अम्मा मुनीराने हात वर केला.

विहिरीजवळचा खजूर बागेतला सगळ्यात उंच. तीन मजली इमारतीएवढा सहज असेल. त्याच्या शेंड्यात, पाती जिथून फुटतात तिथे, आमची मिनू बसलेली होती. पाय खाली सोडून. आम्ही दिसल्यावर तिने हात हलवला.

मी माडावर चढणारी माणसं आयुष्यभर पाहिलीत. खजूर त्याहून वाईट. खोड खरखरीत, आणि पातीच्या बुडाशी बोटाएवढे काटे, सुईसारखे. जाणता गडी दोराशिवाय वर जात नाही. आणि ही चार वर्षांची पोर, फ्रॉक घातलेली.

अबू खलफनी दोर कमरेला घेतला आणि चढले. हे आणि नूरा खाली चटई ताणून उभे होते. मी मिनूशी बोलत राहिले — हलू नकोस राजा, आजोबा येतायत. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. वर पोचल्यावर त्यांनी डोक्याचं फडकं सोडून तिला पाठीशी बांधलं आणि इंचाइंचाने खाली आले. म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत काट्यांनी फाटले होते. नंतर मीच ते धुऊन पट्टी केली. मिनूच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. फ्रॉकला धूळ नव्हती.

पण तिचे केस... सकाळी मी तिला दोन शेंड्या घातल्या होत्या, लाल रिबिनी लावून. आता डोकंभर बारीक बारीक वेण्या होत्या. घट्ट, एकसारख्या, आणि प्रत्येकीचं टोक खजुराच्या काथ्याने बांधलेलं. तशा वेण्या घालायला सराईत बाईलाही तास लागला असता. मूल नजरेआड होऊन फार तर पंधरा-वीस मिनिटं झाली होती.

ह्यांनी तिला विचारलं, तू वर कशी चढलीस? ती म्हणाली, मी नाही चढले, मावशीने घेतलं. कुठली मावशी? मिनू वर बघून म्हणाली, "लांब हातांची. तिने केस विंचरले, दुखलं नाही."

अम्मा मुनीरा मटकन खाली बसली. मग तिने मिनूला ओढून घेतलं आणि एकेक वेणी सोडायला लागली. काथ्याचे तुकडे तिने गोळा करून चुलीत टाकले. आम्ही लगेच निघालो.

ह्यांनी नंतर सगळं करून पाहिलं. कुणी गड्याने चेष्टा केली असेल? शुक्रवार, गडी सुट्टीवर. शिडी? बागेत शिडी नव्हतीच. कागदावर आकृत्या काढल्या, खोडाचा घेर, मुलीच्या हाताची लांबी. शेवटी म्हणाले, सुखरूप मिळाली ना, आता विषय नको. मीही तेच ठरवलं. आणि इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

आठवडाभराने मला दुपारची सुट्टी होती. जेवणं आटोपून मी बाहेरच्या खोलीत आले, तर मिनू बाल्कनीच्या दाराकडे पाठ करून जमिनीवर बसलेली. मांडी घालून, मान ताठ. कुणी मागे बसून केस विंचरत असलं की मुली बसतात ना, तशी. मधूनच तिचं डोकं हलकं मागे ओढल्यासारखं व्हायचं, जसं गुंता आल्यावर होतं. मी हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

मी धावत जाऊन तिला उचललं. मानेच्या मागे, केसांच्या खाली, एक बारीक वेणी होती. टोकाला काथ्या.

सालमियात आमच्या तिसऱ्या मजल्यावर खजुराचा काथ्या कुठून येणार?

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात भयंकर वाटतं, आणि सांगायला गेलं तर अगदी साधं आहे. एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते. मिनू स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "काकू, मला पाणी द्या."

मी हसले. म्हटलं, काय गं, आई आहे मी. ती शहाण्यासारखी उभी राहिली. पाणी प्यायली, पेला ठेवला, थँक्यू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही काकू. मला ती "अहो" म्हणायला लागली. परक्या घरी पाहुणी आल्यासारखी अदबीने वागायची. बाबांना बाबाच म्हणायची, शेजारणीला नावाने ओळखायची. फक्त मी तेवढी काकू झाले होते. झोपताना माझ्या कुशीत यायची नाही. आमच्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, मूल ठणठणीत. म्हणाले, घाबरलीय, वेळ द्या. मी वेळ दिला. रोज दुपारी ती तशीच बसायची, आणि रोज मला ती थोडी लांब गेल्यासारखी वाटायची.

एक दिवस ड्यूटीवर नूरासमोर मला रडू फुटलं. तिने सगळं ऐकलं. ती शिकलेली मुलगी, पण हसली नाही. म्हणाली, लहानपणी आम्हाला सांगायचे, भर दुपारी बागेत जाऊ नका, सअफ-काथ्याची आई घेऊन जाईल. सअफ म्हणजे खजुराच्या झावळ्या. ती झाडासारखीच दिसते म्हणे. आम्हाला वाटायचं, मुलांनी उन्हात जाऊ नये म्हणून सांगतात. आमच्या नागावलाही भर दुपारी वाडीत पाठवायचे नाहीत. मीही तसंच समजायचे.

दुसऱ्या दिवशी अम्माचा निरोप आला. मुलीला घेऊन ये. दुपारीच ये. तुझा कंगवा घेऊन ये.

ह्यांनी साफ नाही म्हटलं. मग रात्रीच्या जेवणाला मिनू मला म्हणाली, काकू, तुम्हाला मुलं नाहीत का? ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. सकाळी त्यांनीच गाडी काढली.

बागेच्या दाराशी अम्मा उभी होती. तिने ह्यांना आणि अबू खलफना बाहेर थांबायला लावलं आणि आम्हा दोघींना त्या झाडाखाली नेलं. ऊन डोक्यावर. वारा अजिबात नव्हता. अम्मा माझ्याशी अरबीत बोलायची. वॉर्डात राहून मला तेवढं कळत होतं. ती म्हणाली, हिला मांडीवर घे, केस मोकळे कर, आणि माग. मी म्हटलं, काय मागू? ती म्हणाली, "तुझी मुलगी माग. तुझ्या भाषेत माग."

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटायला हवी होती. शिकलेली बाई झाडापुढे बसलीय. पण लाज वगैरे काही वाटली नाही. फक्त भीती होती. मिनू माझ्या मांडीत ताठ बसलेली, मान वर, जणू दुसऱ्याच कुणाची वाट बघत. मी तिचे केस सोडले आणि कंगवा लावला.

कंगवा थोडा उतरला आणि अडकला.

गुंता नव्हता. गुंत्यात कंगवा अडकतो तेव्हा केसांचा ताण हाताला कळतो. हे तसं नव्हतं. केसांची खालची टोकं कुणीतरी मुठीत धरलेली होती. मी ओढलं की तिकडूनही तेवढंच ओढलं जायचं. मी सैल सोडलं की तिकडेही सैल. माझ्यासमोर भगभगीत ऊन, रिकामी वाळू, आणि मिनूचे केस माझ्या हातापासून झाडाच्या दिशेने ताठ आडवे, हवेत.

मी बोलायला लागले. काय बोलले ते शब्द न्‌ शब्द आठवत नाही. एवढं आठवतं की ओरडले नाही. म्हटलं, ही माझी आहे. मी हिला जन्म दिलाय, नागावला, भरपावसात. हिला गोवर आला तेव्हा मी जागलेय. हिचे केस मी विंचरते. तू विंचरलेस, छान विंचरलेस, आता पुरे. माझी मला दे. आणि पुन्हा कंगवा लावला. पुन्हा ओढ. पुन्हा म्हटलं, दे. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. माझा घाम मिनूच्या मानेवर पडत होता.

मग एकदम केस सुटले. कंगवा सर्रकन खाली आला, मिनूच्या पाठीला लागला, आणि ती भोकाड पसरून म्हणाली, "आई, दुखतंय गं!"

गं म्हणाली. मी तिला घट्ट धरून किती रडले...

रडणं ओसरल्यावर मी तिला दोन शेंड्या घातल्या. भांग वाकडा आला. मिनू उठून बाबा बाबा करत दाराकडे पळाली. मी अम्माला विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? ती झाडाला टेकून खाली बसली. तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. ती मिनूएवढी असताना तिलाही तिच्या बापाने याच झाडावरून उतरवलं होतं. तशाच वेण्या घातलेल्या. गावातल्या जाणत्या बाईने सांगितलं, आईने येऊन मागावं लागेल. पण हिची आई धाकट्याच्या बाळंतपणात त्याआधीच गेली होती. बाप, आत्या, काकी, सगळ्यांनी मागून पाहिलं. नाही सोडलं.

"मला मागणारं कुणी नव्हतं," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. लग्नाच्या गोष्टी निघाल्या, मोडल्या. एक रात्र बागेबाहेर राहिली तर तिला घरची माणसं ओळखू यायची नाहीत. म्हणून इथेच राहिली.

मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, तुमच्यासाठी मी मागू का?

अम्मा हसली. तिचे दात थोडेच उरले होते. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, आता राहू दे. मला आईचा चेहरा आठवत नाही, उम्म मिनू. मग मागच्या खोडावर हात टेकून म्हणाली, हिचा हात आठवतो. जा तू, मुलगी वाट बघतेय.

मी निघाले. दाराशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं, पाहायला नको होतं. अम्मा झाडाला पाठ करून बसली होती, डोळे मिटलेले. अबाया डोक्यावरून मागे घसरलेली. तिचे पांढरे केस मोकळे होते. ते आपोआप वर उचलले गेले, त्यांचे तीन भाग झाले, आणि सावकाश, एकावर एक, विणले जायला लागले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

ह्यांना मी हे सांगितलं नाही. नंतर कित्येक वर्षं नाही.

मिनूला यातलं काहीच आठवत नाही. ती पुन्हा कधी तशी बसली नाही, मला पुन्हा कधी काकू म्हणाली नाही. आम्ही आणखी काही वर्षं कुवेतला राहिलो, पण जहराला मी परत गेले नाही. मी फिजिऑलॉजी शिकलेय, मुलांच्या मनाचे आजारही थोडेफार वाचलेत. हिच्यावर बसेल असं एकही नाव मला सापडलेलं नाही. ह्यांच्या आकृत्यांचे कागदही कधीतरी रद्दीत गेले.

आम्ही कायमचे परत यायच्या आधी नूराने सांगितलं की बाग गेली. सगळी झाडं काढली, रस्ता झाला. सरकारी घर मिळालं, मोठं, एसीवालं. मी अम्माची चौकशी केली. ती म्हणाली, बरी आहे. आम्हाला काळजी होती, बागेबाहेर नेल्यावर काय होईल, पण सगळ्यांना ओळखते, जेवते नीट. फक्त दुपारी खोलीचं दार आतून लावून घेते आणि कुणाला आत येऊ देत नाही. बाहेर येते तेव्हा नव्या वेण्या घातलेल्या असतात.

तेवढ्यात ड्यूटीची वेळ झाली आणि मी काउंटरपासून वॉर्डाकडे निघाले.